पोकळ आवाजाची नोंद

इमारतीचे नाव: लोकरंजन नाट्यगृह.
पत्ता: चेंदणी, खाडीकडची बाजू, ठाणे.
वय: वैतीकाका म्हणाले, नव्वद लिहा.
मग जरा थांबून,
आज्याने पायाचे खड्डे खणले तेव्हा बाप माझा रांगत होता,
काय तो हिशेब तुम्हीच करा.

मी हातोडी घेऊन फिरते.
खांब वाजवायचा, कान द्यायचा, आकडा टिपायचा.
पहिला ठणठणीत.
दुसरा बरा.
तिसऱ्याच्या पोटात गंज फुगलाय, सळई
गिलाव्याचा पापुद्रा सारून बाहेर बघते,
विंगेतून प्रेक्षक मोजणाऱ्या नटासारखी.

छत: मंगलोरी कौलं, खाली सागाच्या कैच्या.
नकाशा रूबेन झिराडकरांचा, दिवसा रेल्वेत ड्राफ्ट्समन,
त्यामुळे मान वर केली की मालधक्का आठवतो.
शनिवारी ते पेन्सिलीला हात लावत नसत,
शनिवारच्या नोंदी वहीत दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात.
बाल्कनीचा कठडा मात्र हौसेने वाकवलाय,
भरतीचं पाणी बांधाला टेकतं तसा,
आणि तिथलं तिकीट दोन आण्यांनी कमी,
कारण तिथून रंगमंचाचा उजवा कोपरा दिसत नाही
हे त्यांना आधीच ठाऊक होतं.

मग रंगमंच.
फळी वाजवली. पोकळ.
पुढची. पोकळ.
लाल खडूने फुल्या मारत गेले,
वाळवी, असं लिहिणारच होते,
तेवढ्यात वैतीकाका अनवाणी जवळ आले
(माझ्या बुटांकडे त्यांनी मघाशी एकदाच पाहिलं होतं)
आणि म्हणाले, मडकी आहेत, बाई.

पहारीने फळी उचलली.
टॉर्चच्या उजेडात वाळूत गळ्यापर्यंत रुतलेली,
तोंडं वर करून बसलेली मडकी,
रांगेने, आत अंधार भरून.
माईक नव्हता तेव्हा.
मिठागरातला माणूस पायाच्या भेगांना तेल चोपडून
शेवटच्या बाकावर येऊन बसायचा,
कुजबुज त्यालाही पोचली पाहिजे,
झिराडकरांची अट एवढीच.

मी मोजली. एकोणचाळीस.
डावीकडून चौथ्या फळीखाली नुसता खळगा
आणि काठाचं एक खापर.

ते खाडी आत शिरली त्या साली फुटलं, काका म्हणाले.
तिथे बोललं की आवाज मरतो.
नवख्या नटाला आम्ही खडूने खूण करून द्यायचो,
इथे पाय नको.
आणि रत्नप्रभा शिरोडकर,
शेवटच्या अंकात नेमक्या तिथे जाऊन उभ्या राहायच्या.
अख्खं थिएटर पुढे झुकायचं.
बाकांची एकदम करकर,
मग काहीच नाही.

काय म्हणायच्या त्या?

मला काय माहीत. मी दोरीला.
ओठ हलायचे थांबले की पडदा सोडायचा,
अडतीस वर्षं एवढंच केलं.

मालकांनी दोनदा नवं मडकं आणलं.
दोन्ही वेळा बाईंनी त्यात मोगरा लावला.
एक अजून रंगपटाच्या खिडकीत आहे,
मोगरा गेला, माती आहे,
मातीत कुणीतरी खोचलेल्या केसांच्या पिना.

फॉर्मला रकाना आहे: दोषाचे स्वरूप.
त्यापुढे: भरणे, बदलणे, पाडणे,
यांपैकी एकाला गोल करा.
पेनाचं टोपण दातात धरून मी बराच वेळ बसले.
भिंतीला ओल होती, ती लिहिली.
तिसरा खांब लिहिला.
वायरिंग लिहिलं, ते खरंच भयंकर आहे.

मग बूट काढले.
काकांना म्हटलं, जरा शेवटच्या बाकावर बसता का?
ते गेले, गुडघ्यावर हात ठेवत, प्रत्येक रांगेला थांबत.
चौथ्या फळीवर उभी राहिले
आणि एक गोष्ट बोलले,
घरी अजून सांगितली नाही ती.

काय म्हणालात?
काका तिथून ओरडले,
आणि पुढे झुकले.